‘सूक्ष्मजीवाश्म’ कुठे तोडायचा, आणि शेवाळाची भिंत होते का?

प्रश्न थोडक्यात असा: “जर्मनीतल्या रीस विवरावरचा एक लेख मी मराठीत आणते आहे. तिथल्या जुन्या सरोवराच्या गाळात सापडणाऱ्या मायक्रोफॉसिलना मी ‘सूक्ष्मजीवांचे अवशेष’ म्हटले आणि अल्गल रीफला ‘शेवाळी प्रवाळभित्ती’. मसुदा वाचून एका शिक्षकांनी दोन्ही शब्द खोडले. मग काय लिहायचे? आणि शेवाळासारख्या बुळबुळीत वस्तूची भिंत होते, हेच मुळात पटत नाही.”

शिक्षकांनी खोडले ते योग्यच केले. पण चूक का झाली ते पाहण्यासारखे आहे, कारण ती तुमच्या हलगर्जीपणाची नाही. चूक समासाची आहे.

‘सूक्ष्मजीवाश्म’ हा शब्द दोन ठिकाणी तोडता येतो. सूक्ष्म + जीवाश्म, किंवा सूक्ष्मजीव + अश्म. व्याकरणाला दोन्ही चालतात. पहिल्यात जीवाश्म लहान आहे, दुसऱ्यात जीव लहान आहे. आपल्या डोळ्यांना ‘सूक्ष्मजीव’ हा शब्द इतका सरावाचा झाला आहे (शाळेच्या पुस्तकापासून ‘सूक्ष्मजीवशास्त्र’ वाचत आलो) की नजर आपोआप दुसऱ्या जागी तोडते, आणि ‘सूक्ष्मजीवांचे अवशेष’ हे भाषांतर सहज लेखणीतून उतरते. विज्ञानाला मात्र पहिली फोडच हवी आहे. ज्या जीवाश्माकडे पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो तो सूक्ष्म जीवाश्म. ज्याचा तो अवशेष आहे तो जीव केवढाही असो.

याचा सर्वांत सोपा पुरावा माशाचा दात. मासा चांगला बोटभर लांब असेल, पण त्याचा अर्धा मिलिमीटरचा दात गाळात सापडला की तो सूक्ष्म जीवाश्मांच्या डबीत जातो. परागकणांचेही तेच. झाड आभाळाला भिडणारे असले तरी कण धुळीएवढा. यांना ‘सूक्ष्मजीवांचे अवशेष’ म्हटले तर वाचकाच्या मनात जिवाणूंचे चित्र उभे राहील आणि पुढचा सगळा लेख त्या चित्रावर चढत जाईल.

हे मला नीट कळले ते भाचीमुळे. ती भूशास्त्र शिकते. एकदा तिने नागपूरच्या टाकळीचा धुऊन ठेवलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. टाकळीला दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ अडकून राहिला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. असा गाळ पाण्यात भिजवून फुगवतात, बारीक जाळीच्या चाळणीत धारेखाली धुतात आणि चाळणीवर उरते ते वाळवतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या काळ्या तबकडीत राखाडी भुशासारखे काहीतरी पसरले होते. भाचीने अगदी बारीक कुंचला पाण्यात बुडवला, टोकाने एक दाणा उचलला आणि म्हणाली, “मावशी, हा बघ.” नुसत्या डोळ्यांना तो राजगिऱ्याचा दाणा वाटला असता. भिंगातून पाहिला तर दोन झाकणे एकमेकांवर बसलेली, कडेला किंचित फट, पाठ गुळगुळीत. हा ऑस्ट्राकॉड. झिंगे-खेकड्यांच्या नात्यातला प्राणी. त्याला पाय असतात, आतडे असते, शिंपल्यासारखी दोन झडपांची पेटी असते. अशा प्राण्याला सूक्ष्मजीव कसे म्हणणार? शेजारी दुसरा दाणा होता, गोल, आणि त्यावर एकाच दिशेने वळत गेलेल्या पाच शिरा, पिळून बांधलेल्या सुतळीच्या गुंडीसारख्या. तो कारा नावाच्या पाणवनस्पतीच्या फळासारख्या भागाचा चुन्याचा साचा. कारा आजही आपल्याकडच्या तळ्यांत वाढते. भाची आणि तिचे मित्र या सगळ्यांना नुसते ‘दाणे’ म्हणतात. “आज किती दाणे वेचलेस?” हा तिथला रोजचा प्रश्न. मला तो शब्द फार आवडला. काम वेचण्याचे आहे, त्याला ते नाव बरोबर शोभते.

मग लिहायचे कसे? समास जोडून लिहिण्याचा आपला नियम मला मान्य आहे, पण जिथे जोडल्याने अर्थ फिरतो तिथे संयोगचिन्हाची सोय भाषेने ठेवलेलीच आहे. म्हणून लेखात पहिल्यांदा येईल तिथे ‘सूक्ष्म-जीवाश्म’ असे लिहा आणि एका वाक्यात सांगा की हे जीवाश्म सूक्ष्म आहेत, जीव तसे असतीलच असे नाही. पुढे जोडून लिहिले तरी वाचक चुकणार नाही. एक गट मात्र दोन्ही फोडींत बसतो: डायाटम, म्हणजे पाण्यात वाढणारे एकपेशी शैवाल. जीवही सूक्ष्म, जीवाश्मही सूक्ष्म. मराठी परिभाषेत डायाटमला ‘करंडक’ म्हटले गेले आहे. डायाटमचे कवच दोन भागांचे असते, एक भाग दुसऱ्यावर झाकणासारखा बसतो. कुंकवाचा करंडा ज्याने पाहिला त्याला आणखी समजावून सांगावे लागत नाही. मूळ ग्रीक नावाचा अर्थ ‘दोन तुकडे केलेला’ असा आहे. आपल्या परिभाषाकारांनी तो शब्दशः उचलला नाही, वस्तू पाहिली आणि घरातले नाव दिले. परिभाषा अशी व्हावी असे मला मनापासून वाटते.

आता ‘शेवाळी प्रवाळभित्ती’. यातला प्रवाळ पहिल्यांदा काढा. प्रवाळ म्हणजे पोवळे, आणि भित्ती बांधणारी पोवळी समुद्रातले प्राणी आहेत. रीस हे बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या सीमेवरचे सुमारे २४ किलोमीटर व्यासाचे विवर. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून ते झाले. पुष्कळ काळ ते ज्वालामुखीचे मानत. १९६० साली शूमेकर आणि चाओ या भूशास्त्रज्ञांनी तिथल्या खडकात प्रचंड दाबाखालीच तयार होणारे कोएसाइट हे खनिज दाखवले तेव्हा वाद मिटला. आघातानंतर त्या खळग्यात पाणी साचले आणि बाहेर जायला वाट नसलेले सरोवर झाले. नोर्डलिंगेन हे तटबंदीचे गाव आज त्या खळग्यातच वसलेले आहे. १९७३ साली गावाजवळ १२०६ मीटर खोल छिद्र घेतले, त्यात वरचा तीनशेहून अधिक मीटरचा भाग सरोवराच्या गाळाचा निघाला. त्या सरोवरात पोवळ्याचा एक कणही नव्हता. काठाला जे वाढले ते शेवाळ होते, हिरवे, धाग्यांचे, आजच्या क्लॅडोफोराच्या जवळचे. त्याच्या जीवाश्माला क्लॅडोफोराइटिस म्हणतात.

शेवाळ मऊ असताना त्याचा खडक कसा झाला, हा तुमचा खरा प्रश्न. उत्तर न्हाणीघरातल्या बंबात आहे. विहिरीचे जड पाणी तापवले की बंबाच्या आत पांढरा थर बसतो. पाण्यात विरघळलेला चुना कार्बन डायऑक्साइडच्या आधाराने विरघळलेला असतो. तापवल्यावर तो वायू निघून जातो आणि चुना खाली बसतो. शेवाळ हेच काम उष्णतेविना करते. उन्हात अन्न बनवताना ते आजूबाजूच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि चुना त्याच्या धाग्यांभोवती साचतो. धागे पुढे कुजून जातात, चुन्याच्या नळ्या राहतात. त्यांच्यावर नवे शेवाळ, त्यावर नवा चुना. हाइन्सफार्ट गावाजवळच्या ब्यूशेलबेर्गच्या जुन्या खाणीत ही रचना उघडी दिसते: बारीक झुडपांसारखे गुच्छ, गुच्छांचे शंकू, शंकूंचे मिळून काही मीटर उंच ढीग. मधल्या फटींत ऑस्ट्राकॉडच्या झडपा आणि हायड्रोबिया या गव्हाच्या दाण्याहून लहान गोगलगायीचे शंख गच्च भरलेले. जाती मोजक्या, संख्या अफाट. पाणी खारट किंवा क्षारी असले की असे होते. बहुतेकांना ते सोसत नाही, ज्यांना सोसते त्यांना सगळे सरोवर मोकळे मिळते. तुमच्या लेखात सूक्ष्म-जीवाश्म आणि शेवाळाचा खडक ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत, हे लक्षात ठेवा. एकाच्या फटीत दुसरे बसलेले आहे.

मग रीफला काय म्हणायचे? ‘भित्ती’ या शब्दाला माझा विरोध नाही. प्रवाळभित्ती रूढ आहे, ‘शैलभित्ती’ असेही काही पुस्तकांत दिसते. समुद्रात किनाऱ्याला समांतर लांबच लांब पसरणाऱ्या रीफला भित्ती शोभते. रीसमध्ये मात्र भिंत अशी नाहीच, ढीग आहेत. इंग्रजी रीफ डच खलाशांकडून आला आणि नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतला त्याचा मूळ अर्थ ‘बरगडी’. पाण्याखालून वर आलेला, होडीला लागणारा खडक, एवढाच त्याचा गाभा. या अर्थाचा शब्द आपल्या किनाऱ्यावर आहे: खडप. मालवण-देवगडकडे समुद्रकाठच्या खडकांच्या पट्ट्याला खडप म्हणतात. कालवे तिथे मिळतात, ओहोटीला बायका तिथे उतरतात, आणि तांडेल होडी तिथून दूर ठेवतो. ‘शैवाल-खडप’ हा शब्द मी सुचवते. पाण्याच्या काठाला लागून असलेला, जिवंत वस्तीने भरलेला खडक, एवढे सगळे त्यात येते, आणि भिंतीची खोटी आकृती येत नाही. खडप कुणाला फार बोली वाटला तर ‘शैवाल-शैल’ चालेल. ‘शैवाल-भित्ती’ वापरलीत तरी चूक म्हणणार नाही, फक्त प्रवाळ नको.

शेवाळ की शैवाल? बोलताना शेवाळ, परिभाषेत शैवाल, असा सध्याचा रिवाज आहे आणि तो सोयीचा आहे. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरते, शास्त्रात शैवालांचे वर्ग पडतात. इथे एक जुना शब्द आठवतो. अमरकोशात शैवालाला ‘जलनीली’ असे दुसरे नाव आहे, पाण्याचा निळेपणा. तो शब्द मराठीत टिकला नाही याचे मला वाईट वाटते, कारण नेमक्या याच रंगाने पुढे शास्त्रात घोळ घातला. ज्यांना आपण नील-हरित शैवाल म्हणत आलो ते खरे शैवाल नव्हेत. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. जगभर ‘अल्गल रीफ’ म्हणून नोंदलेले पुष्कळसे खडक त्यांनी बांधलेले आहेत. अमेरिकेत वायोमिंगच्या बाजूला ग्रीन रिव्हर नावाची सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सरोवरांच्या गाळाची प्रसिद्ध रचना आहे. भूशास्त्रज्ञ विल्मॉट ब्रॅडली यांनी १९२९ साली तिथल्या अशा खडकांचे वर्णन शैवालाच्या रीफ म्हणूनच केले. आज त्यांतल्या थराथरांच्या घुमटांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. तो शब्दही सरोवरी गाळाशीच जोडला गेलेला आहे. जर्मनीच्या एर्न्स्ट काल्कोव्स्की यांनी १९०८ साली तो उत्तर जर्मनीतल्या जुन्या वालुकाश्मातल्या खडकांसाठी घडवला. ग्रीक ‘स्ट्रोमा’ म्हणजे अंथरलेले, अंथरूण. अंथरुणावर अंथरूण घालावे तसे थर.

म्हणून भाषांतर करताना प्रत्येक ‘अल्गल’ला डोळे मिटून शैवाल लावू नका. बांधणारा कोण ते आधी पाहा. रीसमध्ये बांधणारे मुख्यतः हिरवे शेवाळ आहे, तिथे शैवाल बिनघोर लिहा. सायनोबॅक्टेरियाचे थर असतील तिथे ‘स्ट्रोमॅटोलाइट’ तसाच ठेवा. लोणारचे हिरवे पाणी हे जवळचे उदाहरण. तेही आघात-विवरातलेच सरोवर; विवर रीसपुढे अगदी धाकटे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. त्याचा हिरवा रंग मुख्यतः सायनोबॅक्टेरियाचा, तरी आपण ‘शेवाळाने हिरवे’ म्हणतो. बोलण्यात ते चालते. खडक कोणी बांधला हे सांगताना चालत नाही.

तुमच्या मसुद्यात आणखी दोन शब्द नजरेत आले. ‘अवसादी खडक’ हा हिंदीतून आला आहे. मराठीत अवसाद म्हणजे खचलेपणा, मनाचा किंवा शरीराचा. आपला शब्द ‘गाळाचा खडक’ किंवा ‘स्तरित खडक’, आणि ‘सरोवराचा गाळ’ला तर पर्यायच नको, इतका तो पुरेसा आहे. दुसरा, ‘शैवालाच्या ठेवी’. ठेव बँकेत असते. खडकाच्या बाबतीत ‘साठा’ किंवा ‘थर’ म्हणा. फार शास्त्रीय हवा असेल तर ‘निक्षेप’ आहे, पण तुमचा लेख शाळेतली मुलेही वाचणार आहेत असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा मी थरच ठेवीन.

तुमच्या लेखातले या दोन शब्दांचे वाक्य मी असे लिहीन: “सरोवराच्या काठाला हिरव्या शेवाळाने चुन्याची खडपे बांधली, आणि त्यांच्या फटींत ऑस्ट्राकॉडचे राजगिऱ्याएवढे सूक्ष्म-जीवाश्म ठासून भरले आहेत.”