रेड अलर्ट आला की झोप उडते

प्रश्न: ताई, मी चिपळूणची, वय ३१. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात पाणी शिरलं, रात्रभर सगळे माळ्यावर बसून होतो, खाली फ्रिज तरंगत होता. तेव्हापासून जून लागला की माझं कशातच लक्ष लागत नाही. रेड अलर्ट आला की रात्रीतून दहादा उठून मोबाइल बघते, वाशिष्ठीची पातळी किती, भरती कधी, आणि मग बघता बघता कुठल्या कुठल्या देशातल्या वणव्यांचे व्हिडिओ बघत पहाट होते. आता नुसत्या पुराचंच नाही, सगळ्याचंच टेन्शन येतं, उन्हाळा बघून, आंब्याचा मोहोर गळाला तरी. दुधाची पिशवी कचऱ्यात टाकताना पण अपराधी वाटतं. मुलीच्या वाढदिवसाला फुगे आणू दिले नाहीत म्हणून घरात भांडण झालं. नवरा म्हणतो, तू एकटी जग वाचवणारेस का? मला वेड लागतंय का हो?

उत्तर: नाही गं, अजिबात नाही. २०२१ मध्येच भारतासह १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १० हजार मुलामुलींना हवामान बदलाबद्दल विचारलं होतं, त्यात ५९ टक्के जणांनी खूप किंवा प्रचंड काळजी वाटते असं सांगितलं आणि ४५ टक्क्यांहून जास्त जण म्हणाले की याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतोय. यातल्या कितीतरी जणांनी पूर फक्त टीव्हीवर बघितला असेल, तुझ्या तर घरात शिरला होता.

पण तुझ्या पत्रात मला दोन वेगवेगळ्या भीत्या दिसतात आणि त्या एकमेकीत गुंतल्यात, म्हणून त्या आधी सोडवूया.

पहिली त्या रात्रीची. ती शरीरात बसलीये, पाऊस वाजला की शरीर म्हणतं पुन्हा तेच होणार, आणि तिला "काही होत नाही गं" म्हणून गप्प करता येत नाही कारण होऊ शकतं हे तुला माहितीये. तिला लागते तयारी. मे महिन्यातच एक बॅग भरून माळ्यावर ठेव, कागदपत्रं वॉटरप्रूफ पाउचमध्ये, आठवड्याची औषधं, टॉर्च, पॉवर बँक, कोरडा खाऊ. पाणी कुठल्या खुणेला आलं की घर सोडायचं आणि कोणाकडे जायचं हे नवऱ्याबरोबर बसून आत्ताच ठरवा, म्हणजे रात्री दोन वाजता डोक्याला नव्याने ठरवायला लागणार नाही. हवामान खात्याचे रंग पण नीट समजून घे, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. खरंच लाल असेल त्या रात्री शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून जागायच्या पाळ्या लावा, तुझी पाळी नसेल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत. बाकीच्या दिवशी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघ, बास. आणि तो पूर डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येत असेल, छातीत धडधड होत असेल, झोप आठवडे आठवडे लागत नसेल तर डॉक्टरांना दाखव, त्यात कमीपणा काही नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतून पण.

दुसरी भीती जगाची, आणि तिच्याबरोबर तू जो अपराध उचलून बसलीयेस तो मला खरंच खटकतो. पृथ्वी तापवणारा कार्बन डायऑक्साइड भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन निघतो, जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त, अमेरिकेत तर १४ टनांच्या आसपास. आणि आपापला कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या एकट्यामुळे किती कार्बन हवेत जातो ते, मोजत बसा ही कल्पना घराघरात नेली कोणी, तर २००० नंतरच्या जाहिरातींमधून बीपी या तेल कंपनीने! तेव्हा वाशिष्ठीचा पूर तुझ्या दुधाच्या पिशवीने आलेला नाही, हे आधी मनात पक्कं कर.

मग पिशवी कचऱ्यात न टाकता धुवून भंगारात द्यायची कशाला? द्यायचीच, पण प्रायश्चित्त म्हणून नको. कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नकोस, लटकता ठेव, कारण तो इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो. पिशवी धुवून वाळवून साठव आणि भंगारवाल्याला दे. ओल्या कचऱ्याचं घरीच खत कर हे मात्र मी मनापासून सांगेन, कारण डंपिंगच्या ढिगाखाली हवा न लागता तो कुजला की मिथेन तयार होतो आणि २० वर्षांचा हिशोब केला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरतो. भोकं पाडलेली बादली, खाली नारळाच्या शेंड्या, कचऱ्याचा थर, वर सुक्या पानांचा थर, मधूनमधून आंबट ताक. आपल्याकडे जुलैत सुकी पानं मिळत नाहीत आणि मग बादलीत पाणी साचून अळ्या होतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच गोणीभर पानं भरून ठेव. रोज ती दहा मिनिटं मोबाइल आत ठेवून फक्त तेच काम कर, हाताला ओलं किती लागतंय, वास आंबूस येतोय की मातीचा. माइंडफुलनेस म्हणतात ते हेच, वेगळा क्लास लावायची गरज नाही. पंखा बिघडला तर नवीन घेताना बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा घे, जुना साधारण ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास.

फुग्यांचं सोडून दे. घरात तू पोलीस झालीस तर मुलीला पर्यावरण म्हणजे नुसतं "नाही" एवढंच कळेल. पुढच्या वर्षी सजावट तिलाच करू दे, जुन्या साड्या काढून दे हवं तर.

आणि नवऱ्याला सांग, एकटीने वाचवायचंच नाहीये. तुमच्याच गावात पुरानंतर चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं, वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून, आणि गाळ निघाला. तू त्या माणसांना जाऊन भेट. पावसाआधी तुमच्या वॉर्डातली गटारं, नाले साफ झाले का हे चार बायका मिळून नगरपरिषदेत विचारायला जा. रात्री एकटीने व्हिडिओ बघून जी धास्ती वाढते ती अशा कामात खूप उतरते, हे मी बऱ्याच जणींच्या बाबतीत पाहिलंय.

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा, आम्ही पुण्यात असतो. शाळेत ग्लोबल वॉर्मिंग शिकवल्यापासून रोज झोपताना विचारतो, बाबा पृथ्वी संपणार का? काय सांगू?

उत्तर: "काही नाही होत, झोप" असं म्हणू नका, तो विचारायचं थांबवेल, पण काळजी करणं थांबवणार नाही. आधी त्याने नक्की काय ऐकलंय ते विचारा. मग खरं तेच सांगा, पृथ्वी संपणार नाही, पण कोळसा आणि पेट्रोल जाळून ती तापतेय आणि ते कमी करायला कितीतरी मोठी माणसं काम करतायत. ओझोनची गोष्ट सांगा: १९८७ मध्ये मॉन्ट्रियलला देशांनी करार केला, कडक उन्हापासून वाचवणाऱ्या ओझोनच्या थराला खाणारी रसायनं जवळपास बंद झाली आणि आता तो थर भरून येतोय, म्हणजे माणसांनी ठरवल्यावर झालेलं आहे हे. उन्हाळ्यात बाल्कनीत पक्ष्यांसाठी पाणी ठेवायचं काम पूर्ण त्याच्याकडे द्या, डास होऊ नयेत म्हणून ते रोज बदलायचं हे पण त्यालाच सांगा. रविवारी त्याला टेकडीवर न्या. आणि हा प्रश्न झोपेच्या वेळी नको असेल तर संध्याकाळी जेवताना तुम्हीच काढा, आणि तेव्हा टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवा.