सावलीतील कुंडीसाठी भुईचाफा

मुंबईत इमारतीमागच्या सावलीतील कुंडीत सायक्लेमेन या फुलझाडाचे कंद लावावेत का, असे आपण विचारले आहे; आपली ही इच्छा मी समजू शकते. परंतु भूमध्य समुद्राकाठची ही वनस्पती कोरड्या उन्हाळ्यात विश्रांती घेते आणि थंड, ओलसर हिवाळ्यात वाढते, तर आपल्याकडे तिच्या विश्रांतीच्या काळातच पाऊस कोसळत असल्याने कंद कुजून जातो. इमारतीमागच्या सावलीसाठी आपण भुईचाफा लावावा, असे मी आग्रहाने सुचवेन. त्याची फुले पानांच्या आधी, उन्हाळ्यात, थेट मातीतून उमलतात. पांढऱ्या-जांभळ्या रंगाचे ते सुगंधी फूल जेमतेम एक दिवस टिकते, पण त्यामागून दुसरे येते. पावसाळ्यात रुपेरी नक्षीची, खालून जांभळट पाने पसरतात.

कंद फेब्रुवारी-मार्चमध्ये, सुमारे ५ सेंटीमीटर खोल लावावेत. मातीत कुजलेले शेणखत आणि भरड वाळू मिसळावी व कुंडीची भोके मोकळी ठेवावीत, कारण जुलैच्या संततधारेत पाणी साचले तर हाही कंद सडतो.

खरी काळजी हिवाळ्यात घ्यावी लागते. पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करून नंतर जवळजवळ बंद करावे. त्या दिवसांत कुंडी रिकामी दिसते आणि नवखी माणसे रोप मेले असे समजून कंद उपटून टाकतात. माझी अशीच एक भरलेली कुंडी सफाईत गेली, त्याचे मला आजही वाईट वाटते; म्हणून कुंडीवर नावाची पट्टी लावावी आणि सोसायटीच्या माळ्याला आधीच सांगून ठेवावे.