मत तुझं, पण खर्च कुणाचा?

प्रिय बेटा,

जेवताना बाबांशी राजकारणावरून वाजलं, तेव्हापासून अबोला आहे, आणि आता घरात या विषयावर तोंडच उघडायचं नाही असं तू ठरवलंस. तसं करू नकोस. ज्या घरात राजकारण बोलणं बंद होतं, तिथल्या पोरांची मतं मग मोबाइलवरच तयार होतात. तू बोलतच राहा. फक्त कुठलंही मत मांडण्याआधी विचार, की यात खर्च कुणाचा होतोय? बँकेतल्या नोकरीने मला लावलेली ही सवय आहे आणि ती मला आजही उपयोगी पडते.

आधी लाडकी बहीण घेऊ, कारण भांडण तिथूनच पेटलं. तू लिहितेस, ‘टॅक्स आम्ही भरायचा आणि सरकारने फुकट वाटायचं.’ योजना २०२४ ची. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला १,५०० रुपये. वर्षाचे १८,००० झाले. आता तुझा हिशेब. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर शून्यावर आणला. तो शून्य कसा होतो ते बघ. चार ते आठ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, आठ ते बारा लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००. असा बारा लाखांवर ६०,००० रुपये कर निघतो, आणि सरकार तेवढीच सूट देऊन तो माफ करतं. त्या दिवशी तू आनंदाने मला फोन केला होतास.

तू म्हणशील, ते माझ्या कमाईचे पैसे, माझ्याकडेच राहिले. मुद्दा बरोबर आहे आणि तो बाबांपुढे जरूर मांड. पण तिजोरीत ते ६०,००० आले नाहीत, आणि तिजोरीतून हे १८,००० गेले. सार्वजनिक पैसा दोन्हीकडे सुटला. शिवाय तुमच्याकडे धुणीभांडी करणारी मावशी साबण, तेल घेताना जीएसटी देतेच. म्हणून ‘टॅक्स फक्त आम्हीच भरतो’ हे वाक्य तुझ्या बोलण्यातून काढून टाक, ते खरं नाही.

टीका करायची तर नेमक्या जागी कर. २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर तक्रार केली होती, की आपल्या खात्याचा निधी या योजनेकडे वळवला. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसा जाणं मला मनापासून पटतं. अनुसूचित जातींसाठी राखलेल्या पैशाला हात लावून तो दिला जात असेल, तर मी त्याच्या विरोधात आहे. ‘फुकटे’ म्हटलं की समोरचा चिडतो आणि संपतं. ‘हा पैसा कुठल्या खात्यातून आला?’ असं विचारलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

कापसाचंही असंच. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं. अमेरिकेच्या वाढीव शुल्काने कापड उद्योग अडचणीत होता, त्याला स्वस्त कापूस मिळावा हा हेतू. गिरणीकामगाराच्या बाजूने पाहिलं तर निर्णय समजण्यासारखा आहे. पण ऐन हंगामात हिंगणघाटच्या शेतकऱ्याचा माल बाजारात यायचा, त्याच वेळी बाहेरच्या कापसाला दार उघडलं. सवलत दिली दिल्लीने आणि ती झेलली वर्धा-यवतमाळने. यावर मत बनवताना दोघांचीही नावं घे.

वेगळ्या विदर्भावर मात्र मला तुझ्याशी सविस्तर बोलायचं आहे. मी स्वतः विदर्भवादी आहे, हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, नुसता ‘अन्याय, अन्याय’ असा घोष करू नकोस. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून नेत्यांनी केलेला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार वाच. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत आणि शिक्षणात वाटा, वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात, हे त्यात आहे. १९५५ मध्ये राज्यांची पुनर्रचना ठरवणाऱ्या फाजल अली आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य करा असंच सुचवलं होतं. ते झालं नाही. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे विकासात कुठला भाग किती मागे राहिला ते, आकड्यांत मांडला. १९९४ मध्ये हा अनुशेष भरून निघावा म्हणून वैधानिक विकास मंडळं आली, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. आपली बाजू या कागदांवर उभी आहे, ती कागदांनीच मांड.

आणि एका प्रश्नाची तयारी ठेव, कारण तो मलाही जड जातो. उद्या राज्य झालं तर राजधानी नागपूर. मग बुलढाण्याला, गडचिरोलीला नागपूरच मुंबई-पुण्यासारखं वाटणार नाही कशावरून? अमरावती विभागाचा सिंचनाचा अनुशेष नागपूरकरांच्या भाषणांत किती वेळा येतो? याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याचा विदर्भ नागपूरच्या वर्धा रोडवरच संपतो.

आता तू कर्ज काढून घेऊ पाहतेस त्या गाडीचं. इथे हप्ता तुझा, पगार तुझा, म्हणून निर्णयही तुझाच. मी फक्त आकडा देतो. आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता साधारण १२,८७० रुपये, आणि व्याजापोटी जातील दोन लाख ऐंशी हजार. मिहानला, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात, जायला खापरीपर्यंत मेट्रो आहे. पुढच्या टप्प्याची गैरसोय आहे हे मान्य. ठरव तू. पण ती गाडी धरमपेठेत फूटपाथवर लावलीस, तर खर्च चालणाऱ्या म्हातारीचा झाला, आणि तिथे मला बोलायचा हक्क आहे.

याच न्यायाने लग्न कधी करायचं, करायचं की नाही, सावजी खायचं की शाकाहारी राहायचं, यावर नातेवाइकांना उत्तरं देत बसू नकोस. त्यात त्यांचं काही जात नाही. तूही मात्र मैत्रिणीला तिच्या मंगळागौरीवरून आणि उपासांवरून शहाणपण शिकवणं थांबव. मागच्या महिन्यात तू तिला जे बोललीस, ते मला आवडलं नाही.

डिसेंबरच्या अधिवेशनात एक दिवस सुट्टी काढ आणि सकाळी यशवंत स्टेडियमला जा. मोर्चे तिथून निघतात. दरवर्षी ‘ट्रॅफिक जाम केलं’ एवढंच आपण म्हणतो. कुठल्याही एका मोर्च्यातल्या दोघा-तिघांना विचार, मागणी काय आहे, किती वर्षांची आहे, इथवर यायला पदरचे किती गेले. जमलं तर बाबांनाही सोबत ने. नागपूर करार कुठे मिळाला नाही तर सांग, माझ्याकडे प्रत आहे.

तुझा,
काका