दाढ दुखायची अचानक थांबली, तर डेंटिस्टकडे जायची गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय, खालची दाढ तीन रात्री ठणकत होती, गार पाण्याची गुळणी धरली की बरं वाटायचं, आणि काल सकाळपासून दुखणं एकदम थांबलं. आता जायची गरज आहे का?

आहे. थांबलंय म्हणूनच जा.

२०१७ च्या दिवाळीत आमच्या अण्णांचं हेच झालं होतं. वय चौसष्ट, मधुमेह, डावीकडची खालची शेवटची दाढ कित्येक वर्षं किडलेली. तीन रात्री ते ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. लवंग झाली, लवंगेचं तेल झालं, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या. चौथ्या दिवशी ठणका गेला. अण्णांनी दुसऱ्या बाजूने का होईना, भाकरी खाल्ली. दादा म्हणाला, "बघ, उगाच पुण्याला न्यायला निघाली होतीस." मी गप्प बसले. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

ठणका थांबला होता, कारण दाताच्या आतली नस मेली होती. मेलेली नस दुखत नाही. जंतू मात्र जिवंत असतात, ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. खालच्या मागच्या दाढांची मुळं इतकी खोल असतात की तिथला पू जिभेखाली आणि जबड्याच्या खाली, गळ्याकडे सरकू शकतो. हे मला नंतर सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं.

दोन दिवसांनी जबड्याखाली सूज आली. दुखणं तरीही फारसं नव्हतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. दादाने तव्यावर फडकं तापवून शेक दिला आणि मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणल्या. "सुजेवर दात काढत नाहीत, आधी सूज उतरू दे," हे त्याचं पालुपद. पाडव्याच्या संध्याकाळी अण्णांना तोंड उघडेना. दोन दातांच्या मध्ये माझं एक बोटसुद्धा जाईना. लाळ गिळता येत नव्हती, ती उपरण्याला पुसत होते, आणि तोंडात घास ठेवून बोलावं तसा आवाज येत होता. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून भिंतीला टेकून बसले होते. मी शेजारच्यांची गाडी काढायला लावली.

हॉस्पिटलमध्ये शुगर ३८० निघाली. त्याच रात्री जबड्याखाली चीर देऊन पू काढला, नळी ठेवली, आणि दाढही तेव्हाच काढली. नऊ दिवस राहिलो. सकाळपर्यंत थांबला असतात तर श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

दादा अजूनही म्हणतो की गोळ्यांचा कोर्स पुरा झाला असता तर सूज आपोआप उतरली असती आणि एवढा खर्च वाचला असता. नसती उतरली. दाताच्या आत मेलेल्या नसेला रक्तपुरवठा नसतो, तिथे गोळी पोचणार कशी? घाण तिथून बाहेर काढावी लागते, रूट कॅनॉल करून किंवा दात काढून. गोळी त्या कामाला फक्त हातभार लावते. आणि सुजेवर बाहेरून शेक अजिबात देऊ नका, हे मी त्याला कितीदा सांगितलंय. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिन दाबून ठेवणारेही बघितलेत. त्याने हिरडी भाजते, दुखणं तसंच राहतं.

तुमच्याबद्दल सांगायचं तर, सूज नाही, ताप नाही, तोंड नीट उघडतंय, तर अर्ध्या रात्री धावायचं कारण नाही. उद्या जा, एक्स-रे काढा. पण गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजला, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, गिळताना त्रास झाला, ताप आला, किंवा वरच्या दाताची सूज डोळ्याकडे चढली, तर क्लिनिकचा नाद सोडून थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. श्वासाला त्रास असेल तर १०८ ला फोन करा. मधुमेह असेल तर या सगळ्याला आणखी कमी वेळ मिळतो. तुम्ही शुगरचं काही लिहिलेलं नाही, तीही तपासून घ्या.

दादाच्या म्हणण्यात एवढं खरं आहे की पू असलेल्या जागी भूल नीट चढत नाही, म्हणून कधी कधी डॉक्टर आधी औषध देऊन दात नंतर काढतात. पण ते त्यांनी तोंडात बघून ठरवायचं, घरच्यांनी ओसरीवर बसून नाही. मी डॉक्टर नाही, हेही सांगते. प्रत्येक कळ अशी नसते. गार लागल्यावर क्षणभर आंबणारा दात चार दिवस थांबू शकतो. आणि खालचा जबडा दुखतोय, सोबत छातीत दडपण आणि घाम, असं असेल तर दाताचा विचार सोडा, हृदय तपासा.

अपॉइंटमेंटसाठी फोन कराल तेव्हा "दाढ दुखत होती" एवढंच सांगू नका, सोमवारची वेळ देतील. "तीन रात्री ठणकली आणि अचानक थांबली" असं सांगा. सूज आली असेल तर पहिलं वाक्य सुजेचंच असू द्या.