नवरा कोल्हापुरात, बायको मिरजेत नोकरीला. रेल्वेजवळ घर कुठे घ्यावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही कोल्हापुरात, मिसेस मिरजेत, मुलगी दुसरीत. रेल्वेनं ये-जा करता येईल असं घर रुकडी, हातकणंगले की जयसिंगपूर, कुठे घ्यावं, आणि फ्लॅट घ्यावा की रो हाऊस, असं विचारलंय. त्यातलं ‘दोघांनाही मधोमध पडेल असं’ एवढं वाक्य नसतं, तर मी उत्तर लिहायच्या भानगडीत पडले नसते. आम्ही मधोमध राहिलो. चौदा वर्षं.

२००७ साली आम्ही राजारामपुरीत भाड्यानं होतो. मी शाहूपुरीत एका ऑफिसात अकाउंट्सला. परीख पुलाखालून चालत पंधरा मिनिटं, पावसाळ्यात पुलाखाली पाणी साठलं की वळसा घालून पंचवीस. नवरा मिरजेत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. तो लग्नाच्या आधीपासून पासावर जायचा, गाडीत त्याचा रमीचा ग्रुप होता, आणि प्रवासाबद्दल त्यानं एकदाही कुरकुर केलेली मला आठवत नाही. कर्ज मंजूर झालं तेव्हा मी कोल्हापूरला लागूनच्या उचगावात एक बैठं घर बघून ठेवलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, दारात लिंबाचं झाड. वळिवडे स्टेशन त्याच अंगाला, रिक्षानं ऑफिस वीस मिनिटं.

रविवारी थोरले भावजी जेवायला आले. ते घरातले शहाणे, जमिनीचे व्यवहार त्यांना कळतात असा सगळ्यांचा समज. उचगावचं ऐकून त्यांनी ताटातला पापड उचलला, मधून मोडला, आणि एक तुकडा माझ्या ताटात टाकला, एक नवऱ्याच्या. “कोल्हापूर-मिरज पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. मध्ये हातकणंगले. निम्मा प्रवास हिचा, निम्मा तुझा. ह्यात भांडण कशाला?” मी म्हणाले, मग सकाळचे डबेही निम्मे होणार का? सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

घर हातकणंगल्यातच घेतलं. ओळखीच्या माणसाचा प्लॉट होता, रेट बरा होता, स्टेशन चालत आठ मिनिटं. यात खोटं काही नव्हतं, आठ मिनिटंच लागायची. पण घर बघताना ‘स्टेशन किती मिनिटं’ हेच सगळे विचारतात. स्टेशनात गेल्यावर गाडी आहे का, हे कुणी विचारत नाही. ही लाईन संस्थानच्या काळातली, १८९१ ला सुरू झाली, आणि अजून एकेरी आहे. समोरून एक्सप्रेस यायची असली की पॅसेंजर क्रॉसिंगला थांबते. त्यात कुणाचा दोष नाही, एकेरी लाईनवर असंच चालणार. दिवसाकाठी स्टेशनातून जाणाऱ्या गाड्या भरपूर दिसतात, पण तुमच्या ड्युटीच्या वेळेची, तुमच्या स्टेशनात थांबणारी, पासावर चालणारी गाडी सकाळी एखादी आणि संध्याकाळी एखादी. ती चुकली की सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर जायचं (ते कोल्हापूर स्टेशनच्या शेजारीच आहे, एवढं बरं) आणि सांगलीच्या एसटीत उभं राहायचं. नाहीतर वडाप, म्हणजे सीटवारी जीप.

आता निम्म्या-निम्म्याचा हिशेब सांगते. पूर्वी नवऱ्याचा प्रवास ज्या गाडीनं होता, त्याच गाडीनं राहिला, फक्त अर्धा झाला. माझा पंधरा मिनिटांचा होता, तो दारापासून दारापर्यंत सव्वा तासाचा झाला. म्हणजे त्याचा वाचला आणि माझा वाढला, आणि याला घरात ‘समान’ म्हणायचे. संध्याकाळी तो आधी पोचायचा, चहा ठेवायचा (ठेवायचा, हे कबूल करते) आणि पेपर वाचायचा. मी पोचले की कणीक. बायकांच्या डब्यात आम्ही गवार निवडायचो, मेथी निवडायचो, रुकडी गेलं की पिशवीची गाठ मारून दाराशी उभ्या. माझ्या घरी निम्मी भाजी रेल्वेत निवडलेली असायची.

२०१३ चा जुलै. मुलगी दुसरीत, तुमच्या मुलीएवढीच. सकाळी अकराला शाळेतून फोन, हिला ताप आहे, उलटी झाली, घेऊन जा. फोन मला. तिच्या वडिलांना नाही, कारण शाळेच्या कार्डावर पहिला नंबर आईचा होता आणि तो फॉर्म मीच भरला होता. गाडी दुपारशिवाय नाही. सीबीएसवरून एसटी मिळाली, शिरोली, हेर्ले, चोकाक, अतिग्रे करत, प्रत्येक थांब्यावर माणसं चढ-उतार करत ती हातकणंगल्याला पोचली तेव्हा एक वाजून गेला होता. शाळेत वर्ग चालू होते. ही व्हरांड्यात शिपाई मावशींच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि मावशींनी आपल्या पदराचं टोक ओलं करून तिच्या कपाळावर धरलं होतं. पाण्याची बाटली रिकामी, झाकण कुठेतरी पडलेलं. मावशी मला काही बोलल्या नाहीत. बाटली माझ्या हातात दिली फक्त. उचगावात असते तर साडेअकराला तिला घरी आणली असती. हे मी त्या रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मिरजेहून मलाही तेवढाच वेळ लागला असता. बरोबर. मधोमध घर घेतलं की हाक मारल्यावर दोघांपैकी कुणीच जवळ नसतं.

आणि नदी. नकाशा काढून बघा. पंचगंगा कोल्हापूरच्या अंगाला, कृष्णा मिरजेच्या अंगाला, आणि दोघी खाली नृसिंहवाडीला मिळतात. त्या बेचक्याच्या आत रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव, जयसिंगपूर. तुमची तिन्ही नावं आली की नाही? रेल्वे बेचक्याचा एक फाटा वळिवडे आणि रुकडीच्या मध्ये ओलांडते, दुसरा जयसिंगपूरच्या पुढे अंकलीजवळ. घर घेताना २००५ चा पूर ताजा होता. मी तो विषय काढला तर भावजी म्हणाले, “असा पूर शंभर वर्षांतनं एकदा.”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. इशारा ३९ ला असतो, धोका ४३ ला. रेल्वे बंद, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. मी सकाळी ऑफिसला गेले ती बहिणीकडे राजारामपुरीत अडकले. शहरात नळाला पाणी नाही, टँकरला रांगा, पेट्रोल नाही, आणि मी बहिणीच्या गॅलरीतून फोनवर सासूबाईंना गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते सांगतेय. नवरा मिरजेत ड्युटीवर, कृष्णेच्या पलीकडे. मध्ये बेचक्यात सत्तरीच्या सासूबाई आणि तेरा वर्षांची मुलगी. घरात पाणी शिरलं नाही, हातकणंगल्याला तो प्रश्न नव्हता. पण आठवडाभर आई-बाप दोन नद्यांच्या दोन काठांना. शंभर वर्षं दोन वर्षांत संपली, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

त्या दोन पुरांच्या मध्ये लॉकडाऊन. मार्च २०२० ला पॅसेंजर बंद झाली, आणि पुढे सुरू झाली तेव्हा एक्सप्रेसच्या दरानं, दहाचं किमान तिकीट तीस. ते परत दहावर यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. मी तोपर्यंत कर्ज काढून स्कूटर घेतली होती. रेल्वेजवळच्या घरात राहून रोज हायवेनं.

२०२१ च्या दिवाळीआधी आम्ही उचगावात आलो. भाड्यानं. लिंबाच्या झाडाचं घर केव्हाच विकलं गेलं होतं.

तर तुमचं उत्तर. घरात बसून एकच गोष्ट ठरवा, शाळेच्या कार्डावर पहिला नंबर कुणाचा आहे? ज्याचा असेल त्याच्या नोकरीजवळ घर. दुसऱ्यानं पास काढावा. तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं नंबर तुमच्या मिसेसचा असणार, आणि त्या मिरजेत. म्हणजे घर मिरजेत बघा, नाहीतर सांगलीतल्या विश्रामबागला. विश्रामबागला स्वतःचं स्टेशन आहे, शाळा-कॉलेजं हाताशी, आणि सांगलीच्या गावभागापेक्षा तिकडे पुराचा ताप कमी. मिरज जंक्शन आहे. पुण्याची, बेळगावची, पंढरपूरची, सगळीकडची गाडी तिथे मिळते. २०२४ ला सुरू झालेली पुण्याची वंदे भारतसुद्धा कोल्हापूर सोडल्यावर पहिली थांबते ती मिरजेला. हातकणंगल्याच्या प्लॉटच्या जाहिरातीत वंदे भारतचा फोटो बघून हुरळू नका, ती तिथून नुसती धूळ उडवत जाते. प्रवास तुम्ही करा. पूर आला तर तुम्ही कोल्हापुरात अडकाल, मित्राकडे चार दिवस काढाल, काही बिघडत नाही. मुलगी आणि तिची आई एका काठावर असतील.

आणि नंबर तुमचा असेल, खरोखर तुमचा, म्हणजे ऑफिसातून उठून जाणारे तुम्ही असाल, तर उचगाव, गांधीनगर, वळिवडे. नदीच्या कोल्हापूरच्या अंगाला, तरी लाईनवर. गांधीनगरात कापडबाजाराची गर्दी आहे, ती एकदा शनिवारी जाऊन सोसून बघा. ही गावं महापालिकेत नाहीत, हद्दवाढीचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय, त्यामुळे पाणी आणि ड्रेनेज कुणाकडे हे प्रत्येक कॉलनीत जाऊन विचारा, एजंटला नको. एजंट सध्या कोल्हापुरात आलेल्या हायकोर्टाच्या सर्किट बेंचपलीकडे काही बोलत नाही. सातबारा, एनए आणि पूररेषा बघायचं तुम्हाला सांगायला नको.

जयसिंगपूरबद्दल एक राहिलं. गाव म्हणून मला तुमच्या तिन्ही नावांत तेच आवडतं. शाहू महाराजांनी आखून वसवलेलं, सरळ रस्ते, नंबराच्या गल्ल्या, बाजारपेठ मोठी. २०१९ ला शिरोळ तालुक्यातली कितीतरी माणसं तिथे येऊन राहिली होती. आणि मिरज तिथून जवळ, फक्त मध्ये कृष्णा आहे. मिसेसना ते फारच पसंत असेल तर मी अडवणार नाही. माझं सगळं वाईट बोलणं हातकणंगल्याला लागू करू नका, गावानं मला काही त्रास दिला नाही, शेजार तर इतका चांगला होता की पुरात मुलीला जेवण त्यांच्याकडूनच जायचं. शिवाय मी आता गाडीनं जात नाही, तेव्हा वेळापत्रक माझ्या भरवशावर ठेवू नका. घर बघायला जाल तेव्हा सोमवारी, ड्युटीच्या वेळेला, गाडीनंच जा आणि गाडीनंच परत या. रविवारी मित्राच्या कारमधून नको.

थोरले भावजी अजून म्हणतात की घर त्यांच्यामुळे झालं. मागच्या वर्षी त्यांच्या मुलानं फ्लॅट घेतला. त्याच्या बायकोची शाळा तिथून दोन गल्ल्यांवर आहे. वास्तुशांतीला मी पापड वाढत होते, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नको म्हणाले.

फ्लॅट की रो हाऊस हे मला विचारू नका, ते खिशावर आहे. आमचं हातकणंगल्याचं घर आम्ही विकलं नाही. तिथे एक जोडपं भाड्यानं राहतं, दोघंही इचलकरंजीत कामाला, एकाच मोटरसायकलवर जातात. त्यांना घर फार आवडलंय. जवळ स्टेशन आहे हे त्यांना राहायला आल्यावर महिन्यानं कळलं, रात्री गाडीचा आवाज कसला येतो म्हणून त्यांनी मला फोन केला होता.