6 फुटांच्या रीफ टँकवर दिवे कसे टांगावेत आणि किती उंच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट खोल टँक करायला टाकायचाय, अजून चिकटवलेला नाही. त्यात समुद्राचं पाणी भरून मऊ आणि कठीण, दोन्ही प्रकारचे कोरल (प्रवाळ) ठेवायचे आहेत, म्हणजेच रीफ टँक. तीन एलईडी फिक्स्चर आणून ठेवलेत. खोलीला जिप्समचं फॉल्स सीलिंग आहे. मग दिवे छताला टांगायचे, काचेच्या काठावर पायांवर उभे करायचे, की स्टँडवरून चौकट उठवायची? आणि पाण्यापासून किती वर?

माझं मत: स्टँडलाच बोल्टने जोडलेली ॲल्युमिनियमची चौकट करा, दिवे पाण्यापासून 9-10 इंचांवर ठेवून सुरुवात करा, आणि काहीही झालं तरी ते दिवे एका माणसाला वर सरकवता येतील अशी सोय करा. उंची नंतर बदलता येते, फिक्स्चरही बदलता येतात. वर सरकवण्याची सोय मात्र टँक भरल्यावर सुचली तर पंचाईत होते.

जरा हिशेब करून बघा. स्टँड अडीच-तीन फूट, त्यावर 2 फूट काच, म्हणजे काठ जवळजवळ 5 फुटांवर. वाळूत पडलेला फ्रॅग (कोरलचा छोटा तुकडा) उचलायचा तर दोन फूट पाण्यात हात घालायला हवा, आणि आपला हात बगलेपासून बोटांच्या टोकापर्यंत जेमतेम तेवढाच असतो. म्हणजे स्टुलावर चढायचं, बाही खांद्यापर्यंत सारायची, बगल काठावर टेकवायची आणि मान वाकडी करायची. बोटं वाळूला लागतात तेव्हा कान पाण्यापासून चार बोटांवर असतो, आणि डोकं नेमकं तिथे, जिथे दिवा लटकतोय. दिवा हलत नसेल तर एक तर हीटसिंकची कड कपाळाला लागते, नाहीतर माणूस हळूहळू काम टाळायला लागतो. हे दुसरं जास्त वाईट. एप्टेशिया (टँकमध्ये तणासारखं पसरणारं समुद्रफूल) मारायचं, पडलेला फ्रॅग परत चिकटवायचा, पॉवरहेड (टँकमधलं पाणी फिरवणारा पंप) काढून व्हिनेगरमध्ये टाकायचा, सगळं पुढच्या रविवारवर जातं. मोठे रीफ टँक बिघडतात त्यातले बरेच असे हात न पोचल्यामुळे बिघडतात, असं मला वाटतं.

टँक अजून चिकटवला नाहीये हे फार बरं झालं, कारण दिव्यांचा पहिला निर्णय काच कापतानाच होतो. एवढ्या लांब टँकला वरून आडव्या काचेच्या पट्ट्या घालतात, नाहीतर पाण्याच्या दाबाने पुढची काच मधोमध फुगते. बनवणारा बहुतेक मधोमध एकच रुंद पट्टी घालेल. तुमच्याकडे दिवे तीन, म्हणजे मधला दिवा बरोबर त्या पट्टीच्या डोक्यावर येणार. त्या काचेवर आठवड्याभरात मिठाचा पांढरा थर बसतो आणि खाली सावलीचा पट्टा पडतो, तोही टँकच्या ऐन मध्यात, जिथे तुम्ही सगळ्यात उंच खडक रचणार. त्यापेक्षा दोन पट्ट्या सांगा, दोन-दोन फुटांवर. तीन मोकळे चौकोन होतील आणि प्रत्येकावर एक दिवा बसेल. किंवा काच जाड घेऊन चारही बाजूंनी फक्त कडेच्या रुंद पट्ट्या ठेवा, मध्ये काही नको. हे महाग पडतं, पण ज्याने हे केलंय त्याला परत आडपट्टी नको असते. काचेची जाडी मात्र बनवणाऱ्याशी बोलूनच ठरवा, माझ्या किंवा आणखी कुणाच्या उत्तरावरून नको.

वजनाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. या मापात सुमारे 680 लिटर पाणी मावतं, आणि समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड. 15 मिमी काच धरली तर नुसती काच दीडशे किलो. खडक, वाळू, भरलेला संप (टँकखालची फिल्टरची टाकी) आणि स्टँड मिळून टनाच्या बरंच वर जातं, आणि ते सगळं सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर. घरातल्या खोल्यांसाठी साधारणपणे चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास चल भार धरतात. तो पूर्ण खोलीभरचा हिशेब असतो, त्यामुळे एका कोपऱ्यातला टँक म्हणजे लगेच धोका असं नाही. पण तळमजला नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला जागा दाखवल्याशिवाय काचेची ऑर्डर देऊ नका. तुळई कुठून जाते हे तोच सांगेल.

आता तुमचे तीन पर्याय. काठावरचे पाय दोन-अडीच फुटांच्या टँकला ठीक. इथे पाय टँकवर घालायच्या जाळीच्या आड येतात, हाताच्या आड येतात, आणि दिवा वर उचलताच येत नाही. छताला टांगणं दिसायला सगळ्यात देखणं, चारही बाजू मोकळ्या राहतात. पण फॉल्स सीलिंगचं जिप्सम कसलंही वजन घेत नाही, आणि त्याला धरून ठेवणारी पत्र्याची फ्रेम फक्त त्याच्यापुरतीच असते. म्हणजे ते कापून वरच्या खऱ्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारायचे, त्यांतून वायर रोप खाली आणायचे, आणि स्लॅबमध्ये वायरिंगचा पाइप कुठून गेलाय हे आधी शोधायचं. फॉल्स सीलिंग नसतं तर मीही छतच सांगितलं असतं. नवीन घर असेल आणि सीलिंग व्हायचं असेल तर त्याआधी हुक मारून घ्या.

चौकटीसाठी खाचा असलेलं 40 बाय 40 मिमीचं ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम प्रोफाइल घ्या. दोन उभे खांब स्टँडच्या मागच्या पायांना, प्रत्येक खांब वर-खाली दोन ठिकाणी बोल्टने आवळलेला, मधलं अंतर दीड-दोन फूट. एकाच ठिकाणी आवळलात तर चौकट पुढे झुकते. खांबांवरून पुढे फूटभर येणारे दोन हात, त्यांच्यावर 6 फुटांची आडवी पट्टी, पट्टीला तीन दिवे. फिक्स्चर, पट्टी आणि हात धरून पंधरा-वीस किलो होतील आणि हे प्रोफाइल तेवढं आरामात पेलतं. हात खांबाच्या खाचेत सरकणाऱ्या गाडीवर बसवा, वर पुली आणि बाजूला ब्रेकवाली छोटी हँड विंच लावा. पट्टी कमीत कमी दीड फूट वर जायला हवी, म्हणजे खांब जमिनीपासून 8 फुटांच्या आसपास. आणि विंचच्या भरवशावर राहू नका. पट्टीच्या दोन्ही टोकांना वेगळी वायर रोप बांधून ठेवा, गाडी सुटली तरी दिवे पाण्याच्या वरच अडकतील इतक्या लांबीची. स्टँडच्या मागे प्लंबिंगसाठी 8-10 इंच मोकळे सोडणारच असाल, खांब तिथेच मावतात.

लोखंड इथे नको, पावडर कोटिंग केलेलंही नको. रंगाला टाचणीएवढा टवका गेला की आतून गंज धावतो आणि त्याचे थेंब सरळ टँकमध्ये पडतात. नट-बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या, त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे खाऱ्या हवेत ते 304 पेक्षा बरेच टिकतात. पाण्याच्या वर तांबं, पितळ किंवा गॅल्व्हनाइज्ड काहीही नको. तांबं कोळंबी, गोगलगायी आणि कोरलना फार थोड्या प्रमाणातही मारक असतं.

उंचीचं गणित लेन्सवर अवलंबून आहे. तुमच्या फिक्स्चरला लेन्स नसतील आणि झोत 120 अंशांचा असेल, तर 10 इंचांवरून पाण्यावर पडताना तो जवळजवळ 3 फूट व्यासाचा होतो. शेजारचे झोत एकमेकांत मिसळतात, कडेला थोडा प्रकाश बाहेर सांडतो, एवढंच. झोत 80 अंशांचा असेल तर तेवढ्याच उंचीवर व्यास दीड फुटाच्याही आत राहतो, मग मधे लख्ख आणि दोन दिव्यांमध्ये अंधार. अशा वेळी दिवे 14-15 इंचांवर न्यायचे. उंच नेलं की मधला कडक ठिपका सौम्य होतो आणि सावल्या कमी होतात, पण सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यात दिवा जातो. त्यावर पट्टीच्या पुढच्या बाजूला तीन-चार इंचांची काळी ॲक्रिलिकची झालर लावली की भागतं.

बाकी सगळं मीटरवर सोडा. कोरलच्या ऊतीतलं सूक्ष्म शैवाल जो प्रकाश वापरतं तो पीएआरमध्ये मोजतात, म्हणजे दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल फोटॉन पडतात ते. आपल्या डोळ्याला निळा प्रकाश मंद भासतो, त्यामुळे ‘भरपूर उजेड दिसतोय’ याला इथे काही किंमत नाही. पाण्यात बुडणारा मीटर मिळवा. अपोजीचा एमक्यू-510 त्यासाठीच बनवलाय. विकत घ्यायची गरज नाही, उसना किंवा भाड्याने मिळाला तरी एका दुपारचं काम आहे. खडक रचून झाले, पाणी भरलं, पण एकही कोरल टाकला नाही, ही त्याची वेळ. कागदावर टँकचा नकाशा काढा, फूटभर अंतराचे चौकोन आखा, आणि प्रत्येक ठिकाणी वाळूवर, मधल्या उंचीवर आणि खडकाच्या माथ्यावर असे तीन आकडे लिहा. पंप चालू ठेवून मोजा, लाटांमुळे आकडा हलतो, त्याची सरासरी धरा. माझ्या अंदाजाने वाळूवर 50 ते 100, मधे 100 ते 150 आणि माथ्यावर 250 ते 350 मिळाले की तुमच्या मिश्र टँकला झालं. कोरलच्या प्रकारांपैकी मशरूम आणि झोअँथिड खाली, युफिलिया मधे, ॲक्रोपोरा वर. माथ्यावर 500 दिसले तर खूश होऊ नका. एका मर्यादेपुढे शैवालाला प्रकाश वापरता येत नाही आणि जास्तीचा प्रकाश त्यालाच इजा करतो.

आकडे चुकत असतील तर आधी उंची आणि दिव्यांमधलं अंतर हलवून बघा, दिव्याच्या ताकदीची टक्केवारी नंतर. यासाठीही पट्टी बरी, प्रत्येक दिवा खाचेत डावी-उजवीकडे सरकतो. पुढे कोरल वाढून एकमेकांवर सावली धरायला लागतात तेव्हा हे परत करावं लागणारच आहे.

रंगांबद्दल लोक फार भांडतात. निळा भाग (साधारण 400 ते 480 नॅनोमीटर) भरपूर हवा, पांढरा चवीपुरता, लाल आणि हिरवा जवळजवळ बंद. एवढ्यावर कोरल मजेत वाढतात. बाकी आपल्या डोळ्यांची हौस.

कोरल आणल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण प्रकाश देऊ नका. ठरवलेल्या ताकदीच्या निम्म्यावर सुरू करून दर आठवड्याला चार-पाच टक्के वाढवा. नवा कोरल फिका पडायला लागला तर बहुतेकांना वाटतं प्रकाश कमी पडतोय, आणि ते दिवा वाढवतात. बऱ्याचदा उलट असतं. प्रकाश जास्त झाल्याने तो शैवाल बाहेर टाकत असतो आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. मुख्य प्रकाश 8 तास, आधी-नंतर तासभर नुसता निळा, एवढं पुरतं.

कठीण कोरल साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, म्हणजे त्यांच्या व्यापारावर नियंत्रण आहे, आणि कित्येक देशांचे स्वतःचे नियम त्याहून कडक आहेत. तुमच्याकडे काय चालतं ते आधी बघा, आणि चालत असेल तरी टँकमध्ये वाढवलेले फ्रॅगच घ्या. ते कृत्रिम प्रकाशाला आधीच सरावलेले असतात.

विजेचं काम मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. दिव्यांचे ड्रायव्हर पाण्याच्या वर नकोत, खांबाच्या मागच्या बाजूला बसवा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली वाटीसारखी झोका देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झोक्याच्या तळाशी ठिबकतं. पट्टी वर-खाली होणार असल्यामुळे वायरींना तेवढी सैल लांबी हवी, आणि ती लोंबून पाण्यात जाणार नाही याकडे पट्टी सगळ्यात खाली असताना बघा.

संपमध्ये मोकळी जागा ठेवायला विसरू नका. वीज गेली की वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या (टँकमधलं पाणी संपमध्ये सोडणाऱ्या तोंडाच्या) पातळीपर्यंत खाली येतं, आणि तुमच्या टँकमध्ये एक इंच म्हणजे 28 लिटर. दीड-दोन इंच उतरतं असं धरून चला.

वर झाकण नसल्यामुळे रॅस आणि फायरफिशसारखे मासे उडी मारून बाहेर पडतात, तेव्हा 6 मिमीची पारदर्शक जाळी लागेलच. प्रत्येक चौकोनाला वेगळी करा, सुटी निघणारी. पीएआर मोजताना जाळी लावूनच मोजा, आणि दर पंधरवड्याला ती गोड्या पाण्यात धुवा, कारण मीठ बसलं की तीही प्रकाश अडवायला लागते.