पुएर्तो वायार्ता: नऊची टूर, पण नऊ कुणाच्या घड्याळातले?

लॉस एंजेलिसहून क्रूझ, सोबत आई-बाबा, पुएर्तो वायार्तात एकच दिवस आणि बाहेरच्या एजन्सीकडून नऊची गाइडेड टूर. तुमची पोस्ट वाचली आणि आमची फेब्रुवारीतली ती सकाळ डोळ्यांपुढे आली. आमचंही अगदी असंच होतं, फक्त सोबत सासू-सासरे होते. व्हिसा, टोपी, पाणी वगैरे तुम्ही बघालच. 'जहाज आठला लागतं, नऊची टूर गाठता येईल ना?' असं तुम्ही विचारलंय. त्याआधी हे नऊ कुणाचे ते एजन्सीला विचारा.

वायार्ता मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात येतं. मेक्सिकोने 2022 मध्ये उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करणं) बंद केली, लॉस एंजेलिसमध्ये ती अजून आहे, त्यामुळे हे शहर लॉस एंजेलिसच्या हिवाळ्यात दोन तास पुढे असतं आणि उन्हाळ्यात एक तास. जहाज मात्र स्वतःची वेळ पाळतं. आमच्या जहाजाने काबो या आधीच्या बंदराच्या अगोदर घड्याळं एक तास पुढे केली आणि पुढे तशीच ठेवली. रोमिंगच्या धास्तीने आमचे फोन एअरप्लेन मोडवर. सासऱ्यांच्या मनगटावर 8:50 वाजले होते. दहा मिनिटं आधी पोचलो म्हणून ते खुशीत होते. काउंटरवरच्या मुलीने काही न बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं: 9:50. गाडी कधीच निघून गेली होती.

पैसे गेलेच. एजन्सीला तीन मेल केले, तिन्हींना एकच उत्तर: 'प्रवासी आले नाहीत, परतावा नाही.' आम्ही जहाजाने येतोय हे त्यांना माहीत होतं, फॉर्मवर जहाजाचं नाव लिहून घेतलं होतं. मग 'स्थानिक वेळ' हे दोन शब्द व्हाउचरवर छापायला काय हरकत होती? अजून राग येतो.

प्रत्येक जहाजाची पद्धत वेगळी असते, त्यामुळे माझा हिशेब तुम्हाला तसाच लागू होईल असं नाही. आदल्या रात्री रिसेप्शनवर विचारा. मेक्सिकोच्याच कोझुमेल बेटावर कधी गेलात तर जास्तच जपा. फ्लोरिडाहून येणारी जहाजं उन्हाळ्यात बऱ्याचदा तिथल्यापेक्षा एक तास पुढे असतात, तिथल्या घड्याळावर विसंबलात तर टूर नाही, जहाजच चुकतं. आणि जहाज फक्त क्रूझ कंपनीच्याच टूरवर गेलेल्यांसाठी थांबतं.

माझं स्पष्ट मत: वयस्कर माणसं बरोबर असतील तर टकिला चाखायला नि दागिन्यांच्या दुकानात थांबणारी टूर घेऊच नका. अर्धा दिवस तिथेच जातो. मध्यवस्तीतले चढाचे दगडी रस्तेही गुडघ्यांना झेपत नाहीत. आम्ही शेवटी टॅक्सीने मालेकोनला गेलो. समुद्राकाठचा सपाट रस्ता, गाड्या नाहीत, बसायला जागा. ग्वादालुपे मातेच्या चर्चच्या मनोऱ्यावर मुकुट आहे. मूळचा 1995 च्या भूकंपात पडला हे मी घरी आल्यावर वाचलं. सासूबाई तिथे बराच वेळ वर बघत उभ्या होत्या, त्यांना सांगायला गाइड हवा होता.

तिथे भोपळ्यातून 'तुबा' विकतात, माडाचा रस, वर सफरचंदाचे तुकडे नि दाणे. सासरे घोट घेऊन म्हणाले, "अगं, ही तर नीरा!" थोडी आंबलेली असू शकते, आई-बाबांना चालत असेल तरच घ्या.

पण एजन्सीला मेल आजच टाका आणि उत्तर लेखी घ्या.